नाव बदलू नका

आबाई गाव, सोकचो
१८ मार्च १९९८

बोकशिलताई,

नववर्षाच्या कार्डाखेरीज माझं तुला काही येत नाही, तेव्हा जाड पाकीट बघून घाबरू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. आबाई बरे आहेत. जेवण जरा कमी झालंय, पण वडिलांच्या वयात ते व्हायचंच. माझा नवरा बोटीवर आहे, म्हाकुळ मिळतील तिकडे जातो आणि येताना गुडघेदुखी घेऊन येतो. खानावळ चालते आहे. भरलेल्या म्हाकुळासाठी आता सोलहून लोक येतात आणि शिजायच्या आधीच फोटो काढतात.

लिहायला कारण झालीय यांग हेरिम नावाची एक मुलगी. सोलच्या विद्यापीठात शिकते. युद्धात उत्तरेकडून आलेली आपली म्हातारी माणसं मागचं काय आणि कसं आठवतात, यावर तिला प्रबंध लिहायचाय. राहायला जागा हवी होती, म्हणून वरची तुझी खोली तिला दिली. रागावू नकोस. खोली पंचवीस वर्षं रिकामी होती, मी तिथे कांदे ठेवत होते.

पोरगी चांगली आहे, पण आल्या आल्या तिने छापील प्रश्न बाहेर काढले. गाव कधी सोडलंत, सोडताना मनात काय होतं, आता काय वाटतं. विरंगुळा केंद्रात एकेकाला समोर बसवून विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं: तीन दिवसांत परतू म्हणून निघालो, ते अजून इथेच आहोत. टीव्हीवाले दर सणाला हेच वाक्य न्यायला येतात, त्यामुळे ते आता घासून गुळगुळीत झालंय. म्हातारे ते म्हणतात, मान हलवतात आणि पत्ते पिसायला घेतात.

एका ठिकाणी मात्र गाडी अडली. हेरिमने समजावलं, की प्रबंधात तुमची खरी नावं येणार नाहीत, मी बदलून लिहीन, कुणाला त्रास नको म्हणून तसा नियमच आहे. तिकडच्या तानचन गावाहून आलेली, तानचनची आजी आठवते ना तुला, जिच्या अंगणात आपण जर्दाळू चोरायचो? ती उखडली. म्हणाली, "का गं? मी काय चोरी केलीय? माझा भाऊ आहे तिकडे. उद्या तुझं पुस्तक फिरत फिरत त्याच्या हाती पडलं आणि आत भलत्याच बाईचं नाव असलं, तर मी त्याला सापडणार कशी?"

हेरिमने छापील प्रश्न घडी करून पिशवीत ठेवले.

आबाईंकडेही ती जाऊन आली. उत्तरेच्या बोलीत वडीलधाऱ्याला आबाई म्हणतात आणि गावाचं नावही त्यावरूनच पडलंय, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तीही त्यांना आबाईच म्हणाली. त्यांनी तिला सुकवलेला मासा भाजून दिला, आईवडील काय करतात ते विचारलं, जेवलीस का म्हणून विचारलं आणि टीव्हीवरच्या हवामानाकडे वळले. तिच्या एकाही प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही. तिथून उठली आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. मी म्हटलं, बाई, आमच्या घरात प्रश्न विचारायची पद्धतच नाही. तुला जे नाही मिळालं, ते आम्हालाही कधी मिळालेलं नाही.

हे लिहिताना वाटलं, ही गोष्ट ज्याला कळेल असं माणूस जगात एकच आहे, आणि ते हांबुर्गला आहे. म्हणून हा पसारा.

मालसुक


२० एप्रिल १९९८

ताई,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी होत्या, पण होत्या. 'त्या मुलीला सांग, आबाईंच्या मागे लागून वेळ घालवू नकोस,' असं लिहिलंयस. मी सांगितलं नाही, कारण इकडे वेगळंच घडलंय.

मागच्या आठवड्यात वाऱ्यामुळे बोटी बंद होत्या आणि केंद्र भरलेलं होतं. हेरिम आली ती रिकाम्या हातांनी, प्रश्नांचे कागद वरच ठेवून. सगळ्यांमध्ये मांडी घालून बसली आणि म्हणाली, आज मी काही विचारत नाही, एक गोष्ट सांगते. हिवाळ्यात उत्तरेच्या एका बंदरातून एक बोट सुटली. तिच्यात एक माणूस होता. तिशीच्या आतबाहेरचा. "एवढीच येते मला. पुढचं माहीत नाही. तुम्ही सांगा."

मग शिनफो बंदरावरून आलेले आजोबा म्हणाले, "कसली बोट?"

हेरिम म्हणाली, तुम्हीच सांगा ना कसली.

"मासेमारीची असणार. पण एवढ्या थंडीत डेकवर बसला तर मरेल तो. त्याला खाली मासे ठेवायच्या खणात बसवा."

"खणात कशाला?" तानचनची आजी. "वास येईल. अंगावर काय आहे त्याच्या?"

आणि ताई, यावर अर्धा तास भांडण झालं. एकाने त्याला लष्करी कोट दिला, दुसऱ्याने काढून घेतला, म्हणे कोट बघून गोळी घातली असती. कुणी त्याला दाढदुखी दिली. कुणी एक बैल दिला, तो बोटीत मावेना, म्हणून शेजाऱ्याकडे ठेवला. त्याला नाव द्यायला मात्र कुणी तयार होईना. नुसतं 'तो'. मी जवाचा चहा घेऊन आत गेले तर हसणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. त्या खोलीत मी इतकं हसणं कधी ऐकलं नव्हतं.

मग आजी म्हणाली, "त्याच्या आईने त्याला भाजलेले तांदूळ बांधून दिले. फडक्यात. फडकं ओलं होतं, कारण घाईत तेच हाताशी लागलं. म्हणाली, वाटेत वाळेल." मग म्हणाली, "वाळलं नाही. तांदूळ सगळे चिकटले. तरी त्याने ते तीन दिवस पुरवून खाल्ले." आणि चेहरा बाहीत लपवला.

हीच आजी महिन्यापूर्वी त्याच मुलीला म्हणाली होती, मला त्या दिवसाचं काही आठवत नाही. आणि हेरिमला शहाणपण असं, की तिने 'हे तुमचंच ना' असं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "मग तांदूळ संपल्यावर त्याने काय केलं?"

रात्री जेवताना मी तिला विचारलं, की हे विद्यापीठात चालतं का. ती म्हणाली, मावशी, प्रश्न विचारला की माणूस साक्षीला उभा राहतो. गोष्ट सांगायला लागला की मांडी घालून बसतो. तिच्या सरांना मात्र हे पसंत नाही. ते म्हणतात, या बनवलेल्या गोष्टी, यातून निष्कर्ष कसा काढणार? परत प्रश्नांवर ये.

आबाई तिथेच होते. भिंतीकडे तोंड करून म्हाकुळाचे गळ साफ करत बसलेले. पण निघताना मी म्हटलं, चला, तर म्हणाले, "तू हो पुढे. बैलाचं काय ठरतंय ते ऐकून येतो."

मालसुक


३० मे १९९८

ताई,

हे पत्र बसून वाच. कामावर वाचू नकोस.

'तो' आता आठवड्यातून दोनदा भेटतो. गावात बायका भाजी घेताना विचारतात, काल त्याचं काय झालं. परवाच्या बैठकीत तो बोटीत चढत होता. (गोष्ट सरळ पुढे जात नाही. तो इकडे पोचतो, घर बांधतो आणि कुणीतरी त्याला पुन्हा बंदरावर नेऊन उभं करतं.) शिनफोचे आजोबा सांगत होते: "चढताना त्याने वळून बघितलं. बायको उभी होती. तिला हात केला."

"वळून नाही बघितलं."

आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं. आबाई. भिंतीकडेच तोंड, हातात गळ.

हेरिमने जागा सोडली नाही. तिचा आवाजही बदलला नाही. म्हणाली, "मग त्याने काय केलं, आबाई?"

ते काय बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते. मी दारात चहाची किटली धरून उभी होते.

"बायको घरी होती. तिला उठता येत नव्हतं. मुलगी मागे मागे आली धक्क्यापर्यंत. सहा वर्षांची. बोटीवाला म्हणाला, पुरुष चढा, त्यांनाच धरून नेतायत, बायकापोरांना कुणी काही करत नाही. त्याला ते पटलं. सगळ्यांनाच पटलं. धक्क्यावर दोरखंडाचं वेटोळं होतं, त्यावर त्याने तिला बसवलं. म्हणाला, इथेच बस, संध्याकाळपर्यंत येतो. ती म्हणाली, नक्की? तो म्हणाला, नक्की. मग चढला. वळून बघितलं असतं तर तिने हात केला असता. मग त्याला उतरावं लागलं असतं."

त्यांनी गळ पुसून ठेवला, दुसरा घेतला.

"बोट सुटल्यावर तिने हाका मारल्या की नाही, ते त्याला माहीत नाही. इंजिनाचा आवाज होता. त्यानंतर तो कधी कुणाला पोचवायला गेला नाही."

तानचनच्या आजीने विचारलं, अगदी कोटाचा रंग विचारावा तसं, "मुलीचं नाव काय होतं?"

"बोकशिल."

ताई, मला किटली खाली ठेवता येईना. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, आणि सगळे मुद्दामच बघत नव्हते. तुझं नाव या गावात कुणाला माहीत नाही?

तुला नेणारी बस सुटली त्या सकाळी तू उंबऱ्यात उभी होतीस आणि आबाई आत भिंतीकडे तोंड करून बसले होते, ते मला अजून दिसतं. आई म्हणत होती, अहो, निदान चहा तरी घ्या पोरीबरोबर. ते म्हणाले, जायचं तर जा, इथे कुणी वाट बघत बसणार नाही. मी सोळा वर्षांची होते. तुझी बॅग मी दोराने ओढत खाडी ओलांडायच्या तरीपर्यंत नेली. दोर ओढायलाही तू मला हात लावू दिला नाहीस, स्वतःच ओढत गेलीस पलीकडे.

आता ती पाठ मला वेगळी दिसते. तुला काय दिसेल, मला सांगता येत नाही.

आता बैठकीत हेरिम छोटा टेपरेकॉर्डर लावते, तो तिने तेव्हाच बंद केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आबाईंकडे गेली आणि म्हणाली, कालचं तुम्हाला नको असेल तर मी प्रबंधात घेणार नाही, कुठेच राहणार नाही ते. आबाई अंगणात म्हाकुळ वाळत घालत होते. म्हणाले, "घे. पण नाव बदलू नको."

"आबाई, त्याला तर आपण नावच दिलेलं नाही."

"त्याचं राहू दे. मुलीचं बदलू नको."

मालसुक


१२ जुलै १९९८

ताई,

तुझा फोन आला तेव्हा खानावळीत गर्दी होती, म्हणून मी नीट बोलले नाही असं समजू नकोस. मला बोलताच आलं नसतं. तू म्हणालीस, "म्हणजे जन्मभर मी दुसरीच्या नावाला ओ देत आले." आणि फोन ठेवलास.

तुझा राग मला कळतो. पत्र टाकल्यावर मलाही वाटलं होतं, की घाई केली. तू तिथे एकटी, नवरा आता वेगळा राहतो, मुलगा आपली भाषा बोलत नाही, आणि मी इथून असलं काहीतरी पाकिटात घालून पाठवते. पण ठेवून घेतलं असतं तर आपल्या घरातली अजून एक न बोललेली गोष्ट झाली असती.

मग मी आपल्या घरात कुणी केलं नाही ते केलं. आबाईंसमोर बसून सरळ विचारलं. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, आबाई, ताईला तिचं नाव का दिलंत? ती म्हणते, मी कुणाच्या तरी जागेवर आले.

त्यांनी टीव्हीचा रिमोट उचलला. मला वाटलं, आता हवामान लावतील. मग म्हणाले, "मी नाही ठेवलं. तुझ्या आईने ठेवलं."

आईने मरेपर्यंत दाखवलं नाही, पण तिला सगळं माहीत होतं, ताई. लग्नाआधीच त्यांनी सांगितलं होतं. लग्न होऊन आली त्या वर्षी आबाईंना सारखा ताप यायचा आणि तापात ते त्या नावाने हाका मारायचे. ती शेजारी बसून ऐकायची. भांडली नाही. तू झालीस तेव्हा आबाईंनी दुसरं एक नाव ठरवलं होतं, त्यांच्या आईचं. आई म्हणाली, नाही, बोकशिलच.

"मी म्हटलं, असं कसं? वेडी आहेस का?" आबाई सांगत होते. "ती म्हणाली, या घरात तुम्ही रोज एक हाक मारता आणि ती तशीच जाते. हाकेला ओ देणारं कुणीतरी हवं. मग तिने बाळ माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, आता मारा हाक. बाळ रडत होतं. मी हाक मारली. गप्प झालं."

मी विचारलं, मग ताई निघाली तेव्हा का नाही गेलात तरीपर्यंत?

"दोनदा कसं जमणार?" एवढंच म्हणाले.

तुला काय वाटायचं ते वाटू दे. मी वकिली करत नाही. पण तू 'दुसरीचं नाव' म्हणतेस, तेव्हा एवढं लक्षात असू दे, की ते तुला आईने दिलं, आणि आईने कधी कुणाचं उष्टं आपल्याला घातलं नाही.

माझं नाव कुणी ठेवलं ते मी विचारलं नाही. 'माल' म्हणजे शेवटची. त्यात विचारण्यासारखं काय आहे?

मालसुक


२४ ऑगस्ट १९९८

ताई,

तुझं लांब पत्र आलं. आठ पानं. मी ती तरीवर बसून वाचली आणि पलीकडे उतरायचं विसरले. दोर ओढणारा म्हणाला, मावशी, परत नेऊ का? म्हटलं, ने.

लहानपणी संध्याकाळी आबाई धक्क्यावरून तुला हाक मारायचे आणि तू मुद्दाम उशिरा ओ द्यायचीस, तोवर त्यांचा आवाज कसा चढत जायचा, हे तू लिहिलंयस. मला ते माहीतच नव्हतं. मला वाटायचं, ते तुझ्यावर चिडायचे.

छुसोकच्या सणाला येईन की नाही ते ठरत नाही, असं लिहिलंयस. तू ठरव. मी ओढणार नाही.

पण एक लपवलं ते सांगून टाकते, नाहीतर नंतर तू मला माफ करणार नाहीस. आबाईंचं जेवण कमी झालं म्हणून मार्चमध्ये लिहिलं होतं, तेव्हाच गांगनुंगच्या हॉस्पिटलात दाखवून झालं होतं. पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, या वयात कापण्यात अर्थ नाही. तू नर्स आहेस, तुला पुढचं सांगायला नको. तुला कळवलं नाही कारण तुला दयेपोटी आलेलं मला बघायचं नव्हतं. कळलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी विमानात बसली असतीस, औषधांच्या वेळा लिहून काढल्या असत्यास, चादरी बदलल्या असत्यास आणि तशीच गेली असतीस. मला तू चिडून यायला हवी होतीस. चिडून तरी तू तूच असतेस.

हेरिमला अजून सांगितलेलं नाही. पण परवा तिने आबाईंना भिंतीला टेकायला उशी दिली आणि काही विचारलं नाही. तिच्या सरांनी शेवटी येऊन एक बैठक ऐकली. मागे बसले होते. जाताना त्यांनी आजीला विचारलं, की तो बैल पुढे कुणाकडे राहिला. हेरिम म्हणते, म्हणजे परवानगी मिळाली.

मालसुक


१४ ऑक्टोबर १९९८

ताई,

तू पोचल्याचा फोन माझ्या नवऱ्याने घेतला. तो म्हणाला, आवाज बरा वाटला. त्याला सगळ्यांचाच आवाज बरा वाटतो.

इथे होतीस तेवढ्या दिवसांचं मी काय लिहू, तू होतीसच. तू आबाईंची दाढी केलीस आणि ते डोळे मिटून बसले. तू त्यांना म्हणालीस, तुमची नखं वाढलीत, आणि ते म्हणाले, तुझे केस पांढरे झालेत. मला वाटायचं, आता बोलतील, आता बोलतील. तुम्ही दोघं टीव्हीवरची कुस्ती बघत बसलात. आंबवलेला मासा तुला आता झेपत नाही, हे बघून त्यांनी तुझ्या ताटातला उचलून स्वतःच्या ताटात घेतला, जो त्यांना मुळीच चालत नाही. रात्री मी त्यांना औषध दिलं. तुला सांगितलं नाही.

आणि निघायच्या सकाळी ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले. तू उंबऱ्यात उभी. तू बॅग ठेवलीस, आत आलीस, त्यांच्या मागे बसलीस आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवलास. किती वेळ ते मी बघितलं नाही, कारण मी छत्री शोधायला गेले होते. पाऊस नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तू गेल्यावरचं तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. बस सुटायची वेळ झाली तसे त्यांनी विचारलं, "कुठल्या बाजूला बसलीय?"

मी म्हटलं, मला काय माहीत?

"समुद्राच्या बाजूला बसायला हवं. यांगयांगपर्यंत दिसतो." थोड्या वेळाने पुन्हा, "सांगायला हवं होतंस तिला." मग म्हणाले, जरा दारात बसव. मी खुर्ची टाकली. तिथून बस दिसत नाही, तरीचा धक्का आणि पलीकडची दुकानं दिसतात. ते अंधार पडेपर्यंत बसले. मी जेवायला बोलवायला गेले, तर हळूच तुझ्या नावाने हाक मारत होते. मोठ्याने नाही. कुणी ओ द्यावी म्हणूनही नाही, असं मला वाटलं. मी परत आत आले आणि ताट झाकून ठेवलं.

त्यांनी कोणाला हाक मारली ते मला माहीत नाही. दोघींतली कोण, ते विचारायची आता मला गरजही वाटत नाही.

मालसुक


२१ फेब्रुवारी १९९९

ताई,

आबाईंचे शेवटचे दिवस मी फोनवर सांगितले, ते पुन्हा लिहीत नाही. तीन दिवसांत सगळं आटोपतं इथे, तुला विमान मिळालं नाही यात तुझा दोष नाही. आजोबा लोकांनी खांदा दिला. त्यांना हवं होतं तसं डोंगराच्या त्या उतारावर ठेवलंय, जिथून उत्तरेचा किनारा दिसतो असं सगळे म्हणतात. मी बघितलं. धुकं होतं.

हेरिमचं काम संपलं. काल शेवटची बैठक झाली. तिला माहीत होतं, की 'त्या'ला असंच सोडून जाता येणार नाही, म्हणून तिने प्रत्येकाला विचारलं, शेवटी त्याचं काय झालं?

शिनफोच्या आजोबांनी त्याला बोटीने परत नेलं, सोबत रंगीत टीव्ही आणि सहा वर्षांच्या मुलीसाठी चपला. कुणीतरी म्हणालं, अहो, ती आता पन्नाशीची असेल. आजोबा म्हणाले, चपला मोठ्याच घेतल्यात. तानचनच्या आजीने त्याला पाठवलंच नाही. म्हणाली, तो म्हातारा झालाय, आता ते लोकच इकडे येतील, तेव्हा घरी कुणीतरी हवं ना. एकाने त्याला समुद्रात बुडवलं, तर सगळे त्याच्यावर ओरडले आणि त्याला बाहेर काढलं.

आबाईंची जागा भिंतीपाशी रिकामी होती. उशी तशीच.

मग हेरिम माझ्याकडे वळली. म्हणाली, "मावशी, वर्षभर तुम्ही चहा दिलात. तुम्ही कधी काही सांगितलं नाहीत."

मला काय येतं, असं म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच बोलून गेले. म्हटलं, "त्याला इकडे अजून एक मुलगी होती. धाकटी."

"असं होय?" आजी म्हणाली. "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"ती कुठल्या धक्क्यावर नव्हती. घरीच होती. तिला सोडून कुणी गेलं नाही आणि तिला आणायलाही कुणी गेलं नाही. हाक मारायची वेळच आली नाही, कारण ती समोरच असायची."

"मग?" आजोबा म्हणाले. "तिला हवंय काय?"

ताई, या प्रश्नाचा मी कधी विचारच केला नव्हता. मी वर्षभर तुला लिहिलं, आबाई जेवले, आबाई बोलले, आबाईंनी हे विचारलं. तू वाचलंस, उत्तर दिलंस, आलीस, कारण ते होते. तुझी आठ पानं आबाईंवर होती. मी ती तरीवर वाचली तेव्हा मला रडू आलं, ते आबाईंसाठी नव्हतं. तुझं अक्षर इतक्या वर्षांनी इतकं लांब बघितलं म्हणून होतं.

तिथे मी म्हणाले, "तिला बहिणीची आठवण येते. बस, एवढंच."

आजीने माझ्या हातातली किटली घेतली आणि सगळ्यांना चहा तिने दिला.

आज सकाळी हेरिम गेली. खोली मी झाडून काढली, पण कांदे परत वर नेले नाहीत. दुपारपासून हे पत्र लिहिते आहे आणि पुन्हा पुन्हा आबाईंकडेच वळते आहे, म्हणून आता सरळ लिहून टाकते. आजारी कुणी नाही. सण जवळ नाही. कुणाला पोचवायचं नाही, समजूत काढायची नाही, माफ करायचं नाही. तुला इथे यायला आता एकही कारण उरलेलं नाही.

म्हणून विचारते. येशील?

मालसुक